पीपी नंबर ते ओटीपी : कोपरखैरण्याच्या आमच्या दुकानातून

२०२५ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट, दिवाळीच्या आधीचा शनिवार. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, डॉक्टरकडे जायचं होतं म्हणून संध्याकाळी आमच्या मोबाईल-रिचार्जच्या दुकानात मी बसले होते. साडेसातच्या सुमारास मागच्या सेक्टरमध्ये घरकाम करणाऱ्या मावशी आल्या, हातात दोन आधारकार्डं, एक त्यांचं आणि एक नवऱ्याचं. म्हणाल्या, "पोरी, ह्यांचा तो ओटीपी काय येईना बघ."

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, करायची होती. त्यात बाईच्या आधारवर एक ओटीपी यायचा आणि नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवर दुसरा. मावशींचा लगेच आला. काकांचा तीनदा पाठवला, काहीच नाही. आधारला नंबर कुठला दिलाय विचारलं तर त्यांनी पाकिटातून घडी घातलेला कागद काढला, त्यावर एक नंबर होता आणि अक्षर आबांचं होतं, म्हणजे कधीकाळी आमच्याच दुकानातून घेतलेलं सिम. मी त्या नंबरवर फोन लावला तर पलीकडे मालाडचा एक मुलगा. अगदी नीट बोलला बिचारा. म्हणाला, मला हा नंबर मिळून वर्ष झालं, यावर कुणाचे तरी बँकेचे मेसेज येतात, आत्ताही तीन ओटीपी आलेत, सांगू का?

मी एक क्षण थांबले. समोर मावशी उभ्या होत्या, महिन्याचे १५०० रुपये अडकतील या काळजीत, आणि फोनवर एक अनोळखी मुलगा मदत करायला तयार होता. मी त्याला नको म्हटलं, थँक यू म्हटलं आणि फोन ठेवला. मावशींना ते अजिबात पटलं नाही. "अगं तो देतोय की!" मी त्यांना समजावलं की मावशी, तो चांगला आहे म्हणून विचारतोय, पण काकांच्या बँकेची चावी आज त्याच्याकडे आहे, आधी ती परत घेऊ, मग केवायसी. त्या गेल्या तेव्हा नाराजच होत्या. आणि मला रात्री झोप लागली नाही, कारण हे सगळं कसं झालं ते मला तंतोतंत माहीत होतं.

काकांकडे दोन सिम होती. दोन्हींचा रिचार्ज परवडेना म्हणून जुन्याचा बंद केला. तीन महिने म्हणजे ९० दिवस नंबरवर ना कॉल ना मेसेज ना नेट असं झालं की कंपनी तो बंद करू शकते आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. काकांच्या मते त्यांनी एक सिम बंद केलं होतं. प्रत्यक्षात त्यांनी आपला पत्ताच सोडून दिला होता, कारण बँक, आधार, पीएफ, गॅस, सगळीकडे तोच नंबर लिहिलेला.

मी हे इतकं मनाला लावून का घेते ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

आबांच्या एका पायाला लहानपणी पोलिओ झालेला. तेव्हा अपंग लोकांना पीसीओ, म्हणजे पैसे देऊन फोन करायचं सार्वजनिक केंद्र, देताना प्राधान्य मिळायचं, त्यातून १९९३ साली त्यांना नवी मुंबईत कोपरखैरण्यात एसटीडी, म्हणजे परगावी फोन लावायचा, बूथ मिळाला. पिवळा बोर्ड, काचेची केबिन, लाल आकडे पळणारं मीटर आणि बिल काढणारा छोटा प्रिंटर, त्याचा चर्र आवाज मला अजून आठवतो. आमचं गाव जावळी तालुक्यात, आणि आसपास राहणारे बहुतेक सगळे माथाडी, पाटण, जावळी, माण, खटाव असे साताऱ्याकडचेच. दिवसभर तुर्भ्याला मार्केटात पाठीवर गोण्या वाहायच्या आणि रात्री जेवून आमच्या बूथवर यायचं, कारण रात्री उशिरा एसटीडीला पाव रेट लागायचा. दहानंतर दुकानाबाहेर रांग असायची, लुंगी-बनियनवर उभी असलेली माणसं, हातात चुरगळलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर गावातल्या कुणाचा तरी नंबर आणि पुढे कंसात पीपी.

आत्ताच्या मुलांना पीपी नंबर माहीत नसणार. स्वतःच्या घरी फोन नाही, पण शेजाऱ्याकडे किंवा दुकानदाराकडे आहे, तो नंबर आपला म्हणून द्यायचा आणि पुढे पीपी लिहायचं. लग्नपत्रिकेवर, शाळेच्या फॉर्मवर, नोकरीच्या अर्जावर सगळीकडे. आमच्या बूथचा नंबर असा किती जणांचा पीपी होता याची मोजदाद नाही. गावाकडून फोन यायचा, "अमक्याला बोलवा, दहा मिनिटांनी परत लावतो," आणि मग मी पळायचे. आबांना पळता यायचं नाही ना, म्हणून हे काम माझं. सात-आठ वर्षांची होते, कुठल्या गल्लीत कुठली खोली, कोण कुणाचा भाऊ, सगळं पाठ. जन्माच्या बातम्या मी पोचवल्यात, मयताच्याही. मयताची असेल तर आबा मला फक्त एवढंच सांगायला लावायचे की गावाकडून फोन आहे, लवकर या. पुढचं ते स्वतः केबिनबाहेर उभं राहून, त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे.

आणि एक वही होती. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात खात्याला असते तशी. त्यात गावाप्रमाणे पानं केलेली, प्रत्येक पानावर त्या गावातले पीपी नंबर, म्हणजे कुणाची चिठ्ठी हरवली तरी अडायला नको.

भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला, कोलकात्याहून पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना केला. आमच्यापर्यंत ती गोष्ट पोचायला बरीच वर्षं गेली, कारण सुरुवातीला मिनिटाला सोळा-सतरा रुपये पडायचे आणि आलेल्या फोनचेही पैसे लागायचे, माथाडीने तो कशाला घ्यावा. खरा बदल २००३ ला झाला. इनकमिंग फुकट झालं आणि त्याच पावसाळ्यात रिलायन्सची ५०१ रुपयांत हँडसेटची स्कीम आली. त्या कंपनीचा मोठा कॅम्पस इथेच, आमच्या ठाणे-बेलापूर रोडवर. वर्षभरात बूथची रात्रीची रांग संपली. आई घाबरली होती, धंदा बसतोय म्हणून. आबांनी केबिन काढली, तिथे काउंटर टाकला आणि रिचार्जची कुपनं ठेवायला लागले, नाण्याने खरवडून आकडे काढायचे ती. नंतर दहा रुपयांचा टॉपअप आला, मग मोबाईलवरूनच करायचं ईझी रिचार्ज. शंभरामागे दोन-तीन रुपये सुटायचे पण माणसं खूप होती.

त्या काळात लाईफटाइमचं सिम मिळायचं, एकदा ९९९ भरा आणि इनकमिंगची चिंता संपली. मिस कॉलवर सगळं चालायचं, एक मिस कॉल म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. गावी निघालं की घाट चढायच्या आत रोमिंग लागायचं, कारण ठाणे-नवी मुंबई मुंबई सर्कलमध्ये आणि सातारा महाराष्ट्र सर्कलमध्ये, मग बसमधली सगळी माणसं एकदम फोन बंद करून खिशात टाकायची.

पुढचा मोठा बदल २०१६. सप्टेंबरमध्ये जिओ आलं, फुकट. महिन्याला १ जीबी पुरवून पुरवून वापरणारी माणसं दिवसाला १ जीबी संपवायला लागली. आधारवर बोटाचा ठसा दिला की सिम चालू, त्यामुळे आमच्याकडे सकाळी शटर उघडायच्या आधी माणसं उभी. त्याच वर्षी यूपीआय सुरू झालं होतं आणि ८ नोव्हेंबरला नोटबंदी आली. या तीन गोष्टी एकाच वर्षात आल्या म्हणून आज भाजीवालीच्या टोपलीतही क्यूआर आहे, असं माझं ठाम मत आहे. एकटं स्वस्त नेट आलं असतं तर आपण फक्त व्हिडिओ बघत बसलो असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात यूपीआयचे २००० कोटींच्या वर व्यवहार झाले. मला मात्र हा आकडा वाचला की आमच्या समोरची मासे विकणारी ताई आठवते. साउंडबॉक्स घेतल्यापासून ती पैसे आले का ते बघायला कुणाकडे फोन देत नाही. वाचता येत नाही तिला. आधी मुलगा शाळेतून आला की हिशोब जुळायचा, आता डबा मोठ्याने मराठीत बोलतो, "दोनशे चाळीस रुपये प्राप्त झाले," आणि ती हातातला कोयता न थांबवता मान हलवते.

मार्केटातलं काम तर मुळापासून बदललं. आधी माथाडी पहाटे तुर्भ्याला जाऊन बघायचे की आज गाड्या किती लागल्यात, काम आहे का. आता टोळीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, मुकादम रात्रीच टाकतो, उद्या कांद्याच्या गाड्या कमी आहेत, अमके अमके या. शेतकऱ्याचं म्हणाल तर पूर्वी माल विकल्यावर अडत्या पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी, बनवायचा आणि ती ड्रायव्हरच्या हातून गावाकडे जायची, भाव काय मिळाला ते दोन-तीन दिवसांनी कळायचं. आता पट्टीचा फोटो दुपारपर्यंत मोबाईलवर. माझ्या मावसभावाचा जुन्नरकडे टोमॅटो असतो, तो गाडी भरायच्या आधी तीन ठिकाणचे भाव विचारतो, वाशीला पाठवायचं की पुण्याला ते ठरवतो. भाव पडलेला असेल तर फोनने काय वाढत नाही म्हणा, पण अंधारात तरी राहत नाही माणूस. गावाला मनीऑर्डर जायची तिथे आता यूपीआय, आणि पिकाची नोंदसुद्धा २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवर शेतकऱ्यानेच बांधावर उभं राहून फोटो काढून करायची. आमच्या आत्याच्या गावात रेंज देवळाच्या पायरीवर येते, त्यामुळे त्या पायरीवर दिवसभर कुणीतरी बसलेलं असतंच.

लॉकडाऊनबद्दल फार लिहित नाही, सगळ्यांनी बघितलंय. फक्त एक. जून २०२० मध्ये ऑनलाईन शाळा सुरू झाली आणि एका घरातली तीन भावंडं एकच फोन घेऊन आमच्या दुकानाबाहेर बसायची, कारण त्यांच्या खोलीत रेंज नव्हती. मोठीने आपला तास सोडून धाकट्यांना फोन दिला, जवळजवळ वर्षभर. ती मुलगी अभ्यासात मागे पडली आणि पुढे दहावीला नापास झाली. नंतर पास झाली ती, पण मला ते विसरता येत नाही, कारण आमच्याकडे तेव्हा विकायला फोन होते आणि तिच्या वडिलांकडे हप्ता भरायला काम नव्हतं. आबांनी त्यांना जुना एक फोन दिला, पण मे महिन्यात, तोवर वर्ष गेलं होतं.

आता दुकानाबाहेर डिलिव्हरीची पोरं असतात. संध्याकाळी पाच-सहा बाइक लागलेल्या. त्यांच्यासाठी आबांनी बाहेर एक चार्जिंगचा बोर्डच लावून दिलाय, पैसे घेत नाहीत. मी एकदा विचारलं की वीजबिल? तर म्हणाले, पाण्याचे कुणी पैसे घेतं का? या मुलांचं सगळं फोनवर आहे, ऑर्डर फोनवर, रस्ता फोनवर, पैसे फोनवर, आणि साहेबही फोनच. एक मुलगा आहे, खटावचा, त्याचे वडील आमच्या बूथवर रात्री यायचे. गेल्या जुलैत पावसात त्याच्या फोनमध्ये पाणी गेलं, हातात ऑर्डर होती, ग्राहकाला कळवता आलं नाही आणि दुसऱ्या दिवशी आयडी ब्लॉक. कुणाशी बोलायचं ते त्याला कळेना, कारण बोलायला माणूसच नाही, अ‍ॅपमध्ये ठरलेले पर्याय आहेत आणि त्यात "फोन भिजला" असा पर्याय नाही. चार दिवस तो घरी बसून होता. त्याच्या वडिलांच्या वेळी टोळीत भांडण झालं तर मुकादम होता, युनियन होती, १९६९ चा माथाडी कायदा होता, मंडळ होतं. पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसासाठी महाराष्ट्राने तेव्हा असा कायदा केला याचा मला अभिमान आहे, आणि म्हणूनच त्याच माणसाच्या मुलाच्या पाठीवर आता पिशवी आहे आणि दाद मागायला कुणी नाही हे बघून राग येतो. नेट स्वस्त झालं म्हणून ही कामं उभी राहिली, हजारो पोरांना रोजगार मिळाला, ते खरंच आहे. पण ब्लॉक करताना एक माणूस फोनवर येऊन विचारेल की काय झालं बाबा, एवढं तरी व्हायला नको का?

माझं स्वतःचं ऑफिस ऐरोलीला. आठवड्यातून तीन दिवस जाते, बाकी घरून. घरून काम करता येतं म्हणून आबांच्या आजारपणात मला नोकरी सोडावी लागली नाही, हे मी कधी विसरणार नाही. पण रात्री दहाला पिंग आला की हात आपोआप फोनकडे जातो. २०१८ मध्ये सुप्रिया सुळेंनी लोकसभेत कामाच्या वेळेनंतर फोन-मेलला उत्तर न देण्याच्या हक्काचं खासगी विधेयक मांडलं होतं, कायदा काही झाला नाही. मी माझ्यापुरतं ठरवलंय, जेवायच्या आधी फोन दुकानाच्या ड्रॉवरमध्ये. टीमलीडला तसं सांगितलंय, आणि तिने ते मान्य केलं.

तर पुन्हा मावशींकडे. रविवारी सकाळी मी आबांना सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, वही काढली, तीच लाल पुठ्ठ्याची. मला वाटलं होतं ती कधीच रद्दीत गेली असेल. त्यांनी मागची कोरी पानं वापरात घेतली होती आणि त्यावर नावं, नंबर आणि तारखा. कुणाचा रिचार्ज कधी संपतो. म्हातारी माणसं, एकट्या राहणाऱ्या बायका, वाचता न येणारी गिऱ्हाइकं. प्लॅन २८ दिवसांचे, वर्षाला बारा नाही तर तेरा रिचार्ज लागतात, तारीख दर महिन्याला मागे सरकते, माणसांच्या लक्षात राहत नाही, म्हणून आबा दोन दिवस आधी फोन करतात. मला हे माहीतच नव्हतं. काकांचं नाव त्यात होतं आणि त्यावर काट मारलेली. काकांनीच येऊन सांगितलं होतं, हा नंबर बंद करतोय, फोन करू नका. आबांना तेव्हा विचारायचं सुचलं नाही की हा नंबर आणखी कुठे कुठे दिलाय. हे त्यांना इतकं लागलं की दिवसभर गप्प होते.

सोमवारी काका हजेरी बुडवून आबांसोबत आधार केंद्रावर गेले, बोटाचा ठसा देऊन चालू नंबर जोडला. पोस्टमनही घरी येऊन हे काम करून देतो, ते आम्हाला नंतर कळलं, ज्यांना चालता येत नाही त्यांनी पोस्टात विचारा. बँकेत त्याच दिवशी अर्ज दिला. खात्यातून काही गेलं नव्हतं, तो मालाडचा मुलगा सरळ निघाला म्हणून. शुक्रवारी मावशी परत आल्या, दोन्ही ओटीपी आले, केवायसी झाली, आणि जाताना त्यांनी काउंटरवर चकलीचा डबा ठेवला.

हे वाचणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. या रविवारी आईवडिलांजवळ, सासूसासऱ्यांजवळ बसा आणि विचारा की बँकेला कुठला नंबर आहे, आधारला कुठला, आणि तो सिम कुठे आहे, चालू आहे का. घरी कामाला येणाऱ्या ताईंनाही विचारा. आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथी या सरकारी साइटवर बघता येतं, एकदा बघाच. जुन्या साध्या फोनवाल्यांना नेटचा पॅक लागत नाही, ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना नुसत्या कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायला लावलेत आणि व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवायची मुभा दिलीय, दुकानदार आपणहून सांगत नाहीत म्हणून मागून घ्या. आणि पैसे गेलेच तर वाट बघत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

आबा आता नंबर बंद करायला आलेल्या प्रत्येकाला बसवतात, पाणी देतात आणि बोटं मोजत विचारतात, बँक? आधार? गॅस? पीएफ? पोरांची शाळा? मग वहीत त्या नावापुढे एकेक टिक. मागची पानं संपत आलीत, त्यामुळे काल ठाण्याला जाऊन जांभळी नाक्यावरून मी नवीन वही आणली, लाल कापडी पुठ्ठ्याचीच. पहिल्या पानावर त्यांनी काकांचं नाव लिहिलं, चालू नंबर लिहिला आणि पुढे पुढची तारीख.